काशीरामला, सम्यकच्या केसांबद्दल

घाटकोपर, ११ जानेवारी २०२५

काशीराम,

माझं अक्षर ओळखून तू हे पाकीट फाडून टाकणार असशील, तर एक विनंती आहे. आतला दुसरा कागद तेवढा बाजूला काढ. तो माझा नाही, सम्यकचा आहे. टेकडीवर पंपाची जागा बघायला गेलास तेव्हा तू त्याला खांद्यावर बसवून नेलं होतंस. तेव्हा सात वर्षांचा होता, आता पंचवीसचा आहे.

तो कागद म्हणजे अंधेरीच्या एका क्लिनिकने दिलेला हेअर ट्रान्सप्लांटचा प्लॅन आहे. साडेचार हजार ग्राफ्ट, एकाच दिवसात, सात फेब्रुवारीला. ग्राफ्ट म्हणजे डोक्याच्या मागून उचलून पुढे लावायचं केसाचं मूळ, एवढं सम्यकने मला सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता. मे महिन्यात त्याचं लग्न आहे. मुलगी श्रुतिका, चेंबूरची, शाळेत शिकवते.

मला यातलं काही कळत नाही. तुला माहीतच आहे, मला काही कळलं नाही की मी वाचत सुटतो. आठवडाभर वाचलं. आता या विषयावर बाजूने तासभर आणि विरोधात तासभर बोलू शकेन. पण हा प्लॅन माझ्या मुलाच्या डोक्याला पुरेसा आहे का, बरोबर आहे का, हे सांगता येत नाही. ज्याला सांगता येईल असा एकच माणूस मला ठाऊक आहे. त्याला ते कसं कळलं, तेही ठाऊक आहे.

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस. तो तुझा हक्क आहे, म्हणून पत्र. मीरा आठवडाभर मागे लागली होती, "काशीभावजींना विचारा." मी म्हटलं, कोणत्या तोंडाने विचारू? ती म्हणाली, "ज्या तोंडाने तेव्हा बोललात, त्याच. दुसरं कुठून आणणार?"

तेव्हा त्याच तोंडाने विचारतो. कागद बघशील का? मला उत्तर देऊ नकोस हवं तर. सम्यकला दे.

भाऊराव


घाटकोपर, २० जानेवारी

काशीराम,

पाकीट मिळालं. आत माझ्यासाठी एक शब्द नव्हता. सम्यकचा प्लॅन होता, आणि त्यावर लाल पेनने खुणा. वॉटर डिपार्टमेंटमध्ये कंत्राटदाराचं इस्टिमेट तपासताना करायचास तशाच, समासात, आकड्याभोवती गोल काढून. तो कागद घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो आणि मीराला दाखवला. तिने हात पुसले, कागद घेतला, सगळा वाचला आणि म्हणाली, "बघा." तिचा तो एक शब्द मला पुरला.

सगळ्यात वर तू लिहिलंयस, "टाकयेत पाणी किती आसा ता आधी बघ. नळ मगे जोड." सम्यकला वाचून दाखवलं तेव्हा तो हसला. या महिन्यात पहिल्यांदा हसला. मग आम्ही दोघांनी कागद पुन्हा वाचला आणि दोघांच्याही लक्षात आलं की किती मुळं लावणार ते तीन ठिकाणी छापलंय, पण मागे आहेत किती, हे कुठेच नाही. तू खाली लिहिलंयस की मागची मुळं म्हणजे जन्मभराचा साठा. एकदा उचललेलं मूळ तिथे परत येत नाही. ही टाकी पुन्हा भरत नाही. एवढी साधी गोष्ट, आणि मी आठवडाभर वाचून ती मला दिसली नव्हती.

मग ‘मे’ या शब्दाभोवतीचा गोल. लावलेले केस आधी गळतात, तीन-चार महिन्यांनी उगवायला लागतात, नीट दिसायला वर्ष जातं. "मे महिन्यात नवरदेव आत्तापेक्षा विरळ दिसतील." हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, काशीराम! ज्या दिवसासाठी पोरगा हे करायला निघाला, त्या दिवशीच पदरात काही पडणार नव्हतं. सम्यक ते वाचून उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

तिसरी खूण कपाळावरच्या रेषेची. पंचविशीत इतकी खाली रेषा आखून सगळा साठा तिथेच खर्च केला, आणि मागचे केस पुढच्या दहा वर्षांत जात राहिले, तर? तू लिहिलंयस, "पुढे कुंपण, मागे माळरान. नमुना बघायचा असेल तर बोरीवलीला माझ्याकडे आहे." ते वाक्य मी सम्यकला वाचून दाखवलं नाही. माझं मी वाचलं.

आता तुझ्या प्रश्नांची उत्तरं. प्लॅन कोणी आखला? विकी नावाच्या काउन्सेलरने. डॉक्टर भेटले का? नाही. भिंगातून तपासलं का? नाही, मोबाइलवर फोटो काढले. औषध काही सुचवलं का? नाही.

"डोकं भादरल्यावर किती दिवसांनी बघितलं?" असं तू विचारलंयस. प्लॅनवरच्या फोटोवरून तू हे ओळखलंस, म्हणून आता सांगतो. डिसेंबरमध्ये सम्यक दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिराला गेला होता. मुंडण केलं, चीवर घातलं, दहा दिवस भिक्खूसारखा राहिला. मला किती अभिमान वाटला असेल विचार कर. आजवर विहारात यायचा कंटाळा करणारा पोरगा! मी लगोलग दोन सभांमध्ये सांगितलं की या देखाव्याच्या शहरात माझ्या मुलाने स्वतःहून केसांचा त्याग केला. टाळ्या पडल्या. परवा मीराने सांगितलं की तो शिबिराला गेला तो या कारणासाठीही, की मुंडण केलेल्या माणसाला कोणी विचारत नाही, तुझे केस का गेले. महिनाभर टोपी घालावी लागली नाही त्याला. आणि क्लिनिकवाल्यांनी त्याला बघितलं ते शिबिरानंतर पंधरा दिवसांनी, सगळे केस गहू पेरल्यासारखे एकसारखे उभे असताना. कुठला जाड आणि कुठला बारीक होत चाललेला, हे नुसत्या डोळ्याला कसं कळणार?

घरातले पुरुष. माझे केस तू जाणतोस, पांढरे झाले पण एक हलला नाही. मीराच्या वडिलांचेही शेवटपर्यंत होते. माझे आबा टोपीशिवाय कधी दिसले नाहीत, झोपतानाही मुंडासं. आम्ही समजायचो गावाकडची मर्यादा. त्यांचा उघड्या डोक्याचा फोटो तू मागितलास, म्हणून काल सगळ्या पिशव्या उपसल्या. एक सापडला, हॉस्पिटलातला. कानांच्या वर दोन बोटं पट्टी, मागेही तेवढीच, बाकी डोकं स्वच्छ. मी त्यांचा मुलगा, छप्पन वर्षांचा, आणि मला माझ्या बापाचं डोकं ठाऊक नव्हतं. फोटो सोबत जोडतो.

उपकार मानू का? तुला आवडत नाही, माहीत आहे. तरी मानतो.

भाऊराव


घाटकोपर, २७ जानेवारी

काशीराम,

तुझे प्रश्न घेऊन शनिवारी अंधेरीला जाऊन आलो. मी माती केली. जसं झालं तसं सांगतो.

विकी तिशीचा, चुणचुणीत, वाईट मुलगा नाही. पाणी दिलं, कॉफी विचारली.

मी म्हटलं, "याच्या मागे मुळं किती आहेत?"

"भरपूर आहेत, अंकल."

"भरपूर म्हणजे किती?"

"अंकल, तुमच्यावरच गेलाय ना मुलगा? बघा तुमचे केस. झकास! या वयात!"

"माझ्या वडिलांवर गेला असला तर?" मी आबांचा फोटो टेबलावर ठेवला. त्याने तो उचलून बघितला आणि उलटा ठेवला.

"भिंगातून तपासणार कधी?"

"अंकल, आमच्या टीमचा डोळाच भिंग आहे."

"आणि डॉक्टर?"

"सर असतात ना त्या दिवशी. राउंड मारतात."

इथपर्यंत ठीक होतं. पुढे मला आवरलं नाही. मी उभा राहिलो. त्या गारेगार हॉलमध्ये आठ-दहा पोरं टोप्या घालून बसली होती. त्यांच्याकडे वळून मी सुरू झालो, की आरशाची भीती घालून माणसाला गिऱ्हाईक करणारी ही व्यवस्था, की तुमच्या बापांनी ज्या हातांनी या शहराच्या भिंती उभ्या केल्या. एक पोरगा मोबाइलवर माझं शूटिंग करायला लागला. सम्यकने माझा दंड धरला. "पप्पा, खाली बसा. ही सभा नाहीये."

घरी आल्यावर तो बोलला. म्हणाला, "तुमचा विरोध प्लॅनला नाही, केसांना आहे. प्लॅन निमित्त. काकांची लाल शाई तुम्ही स्वतःच्या भाषणाला वापरलीत. मी सात तारखेला जाणार." मी म्हटलं, अरे, मला तुझं नुकसान होऊ द्यायचं नाही. तर म्हणाला, "तुमचे केस आहेत, पप्पा. तुम्ही नका सांगू." आणि मग, "वॉर्ड ऑफिसच्या गेटवर मी पण होतो. चौदा वर्षांचा होतो. सगळ्यांबरोबर मी पण ओरडलो होतो."

अकरा वर्षांत तो दिवस या घरात कोणी काढला नव्हता.

मला तो पूर्ण आठवतो, आणि तुला मी तो विसरलो असं वाटायला नको, म्हणून लिहितो. टेकडीच्या पाण्याचा मोर्चा. तू इंजिनिअर म्हणून निवेदन घ्यायला गेटवर आलास, डोक्यावर टोपी, कारण ट्रान्सप्लांट होऊन आठवडाही झाला नव्हता. मला ते माहीत होतं, कारण तूच मला विश्वासाने सांगितलं होतंस. पाणी किती सुटतं, कुठे मुरतं, हे आकडे माझ्या भाषणासाठी मला चोरून देणारा माणूसही तूच होतास. आणि मी टेम्पोवर उभा राहून माईकमध्ये म्हणालो, "यांना टेकडीवर पाणी चढवता येत नाही, पण टकलावर केस चढवता येतात!" लोक हसले. इतके हसले की मी ते पुन्हा म्हटलं. मग कोणीतरी सुरू केलं, टोपी काढा, टोपी काढा. मी माईक बंद करू शकत होतो. तू टोपी काढलीस. रक्ताचे खवले धरलेलं डोकं घेऊन तीनशे माणसांसमोर निवेदन वाचलंस, पोच दिलीस आणि आत गेलास.

त्या गर्दीत माझं पोर होतं, आणि पुढे त्याचे स्वतःचे केस जायला लागले. तो मला कसा सांगणार होता?

म्हणून आता मागतो आहे ते मागायचा मला अधिकार नाही. तो माझं ऐकणार नाही, आणि बरोबरच आहे. तुझं ऐकेल. दहा दिवस उरलेत. त्याच्याशी बोलशील?

भाऊराव


घाटकोपर, ६ फेब्रुवारी

काशीराम,

तारीख रद्द झाली. आधी हे लिहितो, बाकी नंतर.

रविवारी सम्यक तुझ्याकडून संध्याकाळी परत आला. मी काही विचारलं नाही, म्हणजे मीराने डोळे वटारले होते. जेवायला बसल्यावर तो आपणहून बोलायला लागला. म्हणाला, काकांनी आधी कुळथाची पिठी आणि भात वाढला. जेवण होईपर्यंत केसांचं नाव काढायचं नाही म्हणाले. मग गॅलरीत उजेडात स्टुलावर बसले, टोपी काढली आणि म्हणाले, "बघ. हात लाव. लाजू नको, माका दुखत नाय."

सम्यक म्हणाला, पुढे कपाळावर चार बोटं केसांची पट्टी, ब्रशसारखी. तिच्यामागे काही नाही. आणि मागे, जिथून मुळं काढली तिथे, उंदराने कुरतडलेल्या गोधडीसारखं. पांढरे ठिपके बोटाला लागतात. म्हणाला, "पप्पा, काका म्हणाले, केलं तेव्हा माझं वय पंचेचाळीस होतं, तरी चुकलं. तू पंचवीसचा." आणि तू त्याला फोटो काढू दिलास. बघितलेलं विसरशील, फोटो घेऊन जा, असं म्हणालास. तुझ्या पुतण्यांनीही तुला अकरा वर्षांत उघड्या डोक्याने पाहिलेलं नाही, हेही तूच त्याला सांगितलंस.

मी हे ऐकलं आणि ताट तसंच ठेवून उठलो. रागाने नाही. बसवेना.

आणखी एक गोष्ट त्याच्याकडून कळली. नलिनीवहिनी गेल्या, तू एकटा राहतोस. कोविडच्या दुसऱ्या लाटेत. चार वर्षं झाली. मला माहीत नव्हतं, काशीराम. या घरात त्यांनी किती वेळा मीरासाठी डबा पाठवला, सम्यकच्या वेळी तर महिनाभर. मीरा रडली.

मंगळवारी तो तू सांगितलेल्या मुलुंडच्या डॉक्टर रुचिरा मॅडमकडे गेला. मला नेलं, पण एका अटीवर, की तोंड उघडायचं नाही. मी उघडलं नाही. मीराला विचार. बाईंनी एक भिंग डोक्याला लावलं आणि समोरच्या पडद्यावर त्याचे केस दिसले, उसाच्या शेतासारखे. मागच्या बाजूला खालचे केस जाड, पण वर वर सरकत गेलं की बारीक. त्या म्हणाल्या, "हे वरचे आज आहेत, दहा वर्षांनी असतील याची खात्री नाही. हेच काढून पुढे लावले तर लावलेलेही जातील." भरवशाची जागा आबांच्या फोटोतल्या पट्टीएवढीच धरून चालायचं. त्यातून साडेचार हजार काढले तर मागेही खड्डे आणि पुढेही कायमचं काही नाही.

त्यांनी सरळ सांगितलं की आज करू नका. आहेत ते टिकवायला औषध, एक रोज लावायचं, एक रोज घ्यायचं, त्याचे परिणाम-दुष्परिणाम बसून समजावले. दर तीन महिन्यांनी फोटो. वर्षाने केस स्थिरावले तर रेषा वर ठेवून थोडेच, पंधराशे-अठराशे, तेही लागले तर. "काही लोकांचं औषधावरच भागतं," म्हणाल्या. सम्यकने विचारलं, आणि माझं नाही भागलं तर? बाई म्हणाल्या, "तर तेव्हा तुमच्याकडे साठा शिल्लक असेल. आता केलं तर नसेल." तुझंच वाक्य, त्या तुला ओळखतही नसताना. की ओळखतात?

घरी येताना त्याने श्रुतिकाला फोन करून सगळं सांगितलं. ती काय म्हणाली ते स्पीकरवर नव्हतं, तरी मला ऐकू आलं. "मला साखरपुड्याच्या आधीपासून माहितीये रे. ती टोपी फक्त तुझ्यापासून लपवत होती." मग दोघं बराच वेळ हसत होती. काल त्याने अंधेरीला कळवलं. विकी म्हणाला, "भाई, ऑफर महिनाअखेरपर्यंत आहे."

तुझं मला आलेलं पत्रही वाचलं. पहिलं, अकरा वर्षांतलं. आता मला सगळं पाठ आहे. तू लिहिलंयस की तेव्हा सगळ्यांनी तुला विचारलं, कशाला केलंस, आणि प्रत्येकाला काहीतरी दुःखाचं कारण हवं होतं. "कारण काय असणार? मला माझे केस आवडायचे. आंघोळीनंतर विंचरायला आवडायचं. यासाठी चळवळीची परवानगी लागते काय?" नाही लागत. माणसाला माणूस म्हणून जगता यावं, एवढ्यासाठी चाळीस वर्षं मी घसा फोडला, आणि त्या जगण्यात कंगवाही येतो हे मला सुचलं नाही. बाजार माणसाला आरशासमोर लाचार करतो हे मी अजूनही म्हणणार. पण त्या बाजाराने फसवलेल्या माणसाची टोपी काढायला लावणारा मी, विकीपेक्षा बरा कसा?

माझं पोरगं शाबूत राहिलं ते तुझ्यामुळे. 

भाऊराव


घाटकोपर, २१ फेब्रुवारी

काशीराम,

तू नको म्हणालास, म्हणून नाही करणार.

खरं सांगतो, भाषण तयार होतं. जयंतीच्या सभेत, त्याच लोकांसमोर, तुझं नाव घेऊन जाहीर माफी मागायची. दोन परिच्छेद लिहूनही ठेवले होते आणि चांगले जमले होते. तुझं कार्ड आलं: "स्टेजवरून माफी मागू नकोस. एकदा माझं डोकं वापरून टाळ्या घेतल्यास, तेवढं पुरे." कागद फाडून टाकले. मीरा म्हणाली, "काशीभावजी तुम्हाला तुमच्यापेक्षा जास्त ओळखतात." तिच्या या असल्या वाक्यांची मला आता सवय होते आहे.

तर माफी इथे, या कागदावर, जिथे टाळी वाजवायला कोणी नाही. मी तुझ्या विश्वासाचा विनोद केला. लोक हसल्यावर तो दुसऱ्यांदा केला. ती दुसरी वेळ जास्त वाईट होती. मला माफ कर असं म्हणत नाही. मी ते केलं, एवढं तुझ्यासमोर कबूल करतो.

आणि दुसरं, जे दहा वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं. मोर्चानंतर सव्वा वर्षाने टेकडीवर पाणी आलं. पंपाची योजना तुझी होती. बदली होऊन बोरीवलीला जाण्याआधी तू ती फाइल पूर्ण करून, सगळ्या सह्या मिळवून गेलास. त्या लोकांसाठी, ज्यांनी तुला टोपी काढायला लावली. पाणी आलं त्या दिवशी मी विजयाचं भाषण केलं, पाऊण तास. त्यात तुझं नाव नव्हतं. परवा मी टेकडीवर गेलो आणि पंपावरच्या माणसाला विचारलं, ही योजना कोणी केली माहीत आहे का? म्हणाला, "तुम्हीच ना, साहेब." मी त्याला तुझं नाव सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं. मग गल्लीत गेलो. सुगंधाबाई भांडी घासत होत्या, त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "काशीराम म्हंजे ते टोपीवाले? ते तर पाणी आलं का बघायला दोनदा आले होते. हितंच चहा पिऊन गेले." म्हणजे त्यांना माहीत होतं. मलाच नव्हतं.

त्या पाण्याबद्दल आभार, काशीराम. सकाळी साडेपाचला येतं, अजून, रोज.

सम्यकचं औषध सुरू आहे. पहिल्या महिन्यात जास्त गळतात असं बाईंनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे घाबरला नाही. नुसता उशीवरचे केस मोजतो. मी सांगितलं, मोजू नकोस. तर म्हणतो, "पप्पा, काका म्हणाले, नोंद ठेवायची." ठेव बाबा.

भाऊराव


घाटकोपर, १९ मार्च

काशीराम,

तुझं पाकीट आलं आणि मला वाटलं, सम्यकसाठी काहीतरी असेल. आत तुझ्याच डोक्याचा प्लॅन निघाला. रुचिरा मॅडमचा. कोपऱ्यात तू लिहिलंयस, "तपास." एवढंच.

सम्यकने तुझे फोटो दाखवले तेव्हा त्यांनी विचारलं म्हणे, हे गृहस्थ कोण, यांना आणा. आणि तू गेलास. अकरा वर्षांनी एका डॉक्टरसमोर टोपी काढलीस. तुझ्या हाताखाली शिकलो आहे, तेव्हा लाल पेन काढलं आणि बसलो. जे समजलं ते लिहितो, चुकलं असेल तर सांग.

पुढची खालची पट्टी काढायची. ती मुळं फेकायची नाहीत, त्यातली चांगली वर आणि मागे विरळ लावायची, म्हणजे रेषा वयाला शोभेल. मागून नवीन काही उचलायचं नाही, कारण तिथे साठा संपलेला आहे. बाकी डोकं बारीक मशीनने एकसारखं ठेवायचं. बाईंनी लिहिलंय की दाट दिसणार नाही, फक्त विचित्र दिसणार नाही. मी या वाक्याखाली लाल रेघ मारली आहे, कारण यात त्यांनी काहीही वाढवून सांगितलेलं नाही. साठ्याचा आकडा आहे. डॉक्टर स्वतः करणार, हे आहे. कपाळावर काढलेल्या जागी बारीक खुणा राहू शकतात, हे आहे. दोन बैठका लागतील, हेही आहे. मला हा प्लॅन पुरेसा वाटतो. तुला केस आवडतात, म्हणून दाट होणार नाही हे वाचून तुला काय वाटलं असेल, ते मला माहीत नाही. ते तूच बघ.

मला एकच जागा रिकामी दिसली. शेवटच्या पानावर सूचना आहेत. पहिले काही दिवस पाठ उंच करून, अर्धं बसल्यासारखं झोपायचं. कपाळावर सूज येऊ शकते. पहिली धुलाई दुसऱ्या माणसाने करून द्यायची, ओणवं व्हायचं नाही. खाली ओळ आहे, ‘सोबत राहणारी व्यक्ती’, आणि तिथे तू काही भरलेलं नाहीस.

सोमवारी साडेआठला मुलुंडच्या त्या बिल्डिंगखाली मी उभा असेन. वर येऊ की नको ते तू ठरव. बाहेर आलास की बोरीवलीला सोबत येईन आणि लागतील तेवढे दिवस राहीन. सुट्टी टाकली आहे. सम्यक शनिवारी येऊन डोकं धुवायला शिकवणार आहे, त्याने व्हिडिओ बघितलेत. मीरा पिठी करायला शिकते आहे, तिची अजून पातळ होते.

पाठीला तीन उशा लागतात म्हणे. तुझ्याकडे किती आहेत? मी दोन घेऊन येतो.

भाऊराव